अक्कांच्या डब्यातल्या कॅप्सूल

"किती आलं ओ?" आण्णांनी पडद्यापलीकडून विचारलं.

सोनोग्राफीच्या स्क्रीनवर गर्भपिशवीचं आतलं अस्तर दिसत होतं आणि मी ते तिसऱ्यांदा मोजत होते. तिन्ही वेळा आकडा तोच. चौदा मिलिमीटर. पाळी जाऊन दोन वर्षं झालेल्या बाईचं हे अस्तर पातळ असतं, साधारण चार-पाच मिलिमीटरच्या आत. चौदा म्हणजे आत काहीतरी वाढलंय. ते साधं आहे की कॅन्सर, हे सोनोग्राफी सांगत नाही.

टेबलावर राजमतीअक्का छताकडे बघत पडल्या होत्या. आण्णा म्हणजे त्यांचे यजमान. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. ऐन दिवाळीत अक्कांच्या अंगावर लाल जायला लागलं होतं आणि त्यांनी चार दिवस घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"अक्का, औषधं वेळेवर चालू आहेत ना?" मी विचारलं.

"चालू हाय की," त्या म्हणाल्या.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. कोल्हापुरात मंगळवार पेठेत तीस वर्षं दवाखाना चालवला, आता बंद केलाय. हा प्रसंग दोन हजार सालानंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांतला. एवढ्या वर्षांत किती बाळंतपणं केली त्याचा हिशेब नाही आणि त्यातली बरीचशी मी विसरलेही. अक्कांना विसरले नाही. कारण त्यांच्या पिशवीत जे वाढलं होतं, ते माझ्या औषधानं वाढलं होतं.

नऊ महिन्यांपूर्वी, संक्रांतीनंतर, दोघं पहिल्यांदा आले होते. आण्णांचं जयसिंगपुरात खताचं आणि बियाण्याचं दुकान. घराणं जैन, तीन पिढ्या तिथलंच. अक्का तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या. इरकली लुगडं, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात एक कापडी पिशवी. बोलायला सुरुवात आण्णांनी केली, पण अक्कांनी त्यांना हातानं थांबवलं.

"डोस्क्यातनं आग निघती, डॉक्टरीणबाई. बसल्या जागी घाम फुटतोय. झोप न्हाई. आन् वाचताना वळच हरवती."

"काय वाचता?"

"बस्तीत शास्त्र वाचत्यात," आण्णा म्हणाले. "वीस वर्षं झाली. आता सोडलंय."

बस्ती म्हणजे आमच्याकडे जैनांचं देऊळ. चातुर्मासात संध्याकाळी बायका जमतात, एकजण ग्रंथ मोठ्यानं वाचते आणि सोप्या भाषेत अर्थ सांगते. जयसिंगपुरात ते काम अक्कांकडे होतं.

"गेल्या चौमासात वाचता वाचता उठून गेलो," अक्का म्हणाल्या. आमच्या भागातल्या बायका 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात. "समद्या बायका म्होरं बसल्यात, आन् मला पान दिसंना. तोंड पुसतोय, पुसतोय, घाम काय थांबंना. कुणीतरी पाणी आणलं. लाज वाटली मला. परत गेलो न्हाई."

एवढं सांगून त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. चष्मा स्वच्छच होता.

पाळी जाते तेव्हा बीजकोश एस्ट्रोजेन नावाचं हार्मोन बनवणं जवळजवळ थांबवतात. काही बायकांना त्याचा पत्ताही लागत नाही, काहींचं जगणं मुश्किल होतं. अक्का दुसऱ्या गटातल्या. त्यांच्या गावाकडच्या एका डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या होत्या आणि त्यांनी आराम पडत होता. मग अमेरिकेतल्या लेकीचा फोन आला. गोळीचं नाव ऐकून लेक म्हणाली, आई, ही गोळी गाभण घोडीच्या मुतापासून करतात.

"तीन आठवडे खाल्ल्या हुत्या," अक्का म्हणाल्या. "डबी उचलली आन् टाकली. दोन उपास केले."

लेक खोटं बोलत नव्हती. ती गोळी खरंच तशीच बनते.

मग आण्णांनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक होता कागदांचा गठ्ठा. लेकीनं ईमेल केला होता आणि आण्णांनी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन तो छापून आणला होता. दुसरी होती पांढऱ्या मलमाची बरणी, अमेरिकेहून आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून पोचलेली. कागदावर आणि बरणीवर एकच शब्द ठळक छापला होता. बायोआयडेंटिकल.

"ह्ये न्याचरल हाय म्हणं," आण्णा म्हणाले. "हिला चालंल का?"

शब्द मोठा आहे, अर्थ साधा. मी त्यांना किल्लीचं उदाहरण दिलं. आपल्या शरीरात कुलूप आहे आणि बीजकोश त्याची किल्ली बनवतात. घोडीच्या गोळीत बऱ्याच किल्ल्यांचा जुडगा असतो. काही आपल्या, काही घोडीच्या, आणि कुलूप उघडतं. बायोआयडेंटिकल म्हणजे आपल्याच किल्लीची डुप्लिकेट, खाच अन् खाच तीच. ती कारखान्यात बनते. कच्चा माल वनस्पतीचा असतो, पण हे हार्मोन काही झाडाला फळासारखे लागत नाहीत. माणसानं केलेलं रसायनच आहे ते. त्यामुळे 'नॅचरल' म्हणजे निर्धोक, असं समजू नका. किल्ली आपलीच असली तरी कुलूप किती वेळा उघडायचं ते ठरवावं लागतं.

"आन् बरणी?"

"बरणी बाजूला ठेवा. ही एखाद्या दुकानात मागणीप्रमाणे कालवून दिलीय. रोज बोटावर किती औषध येतं, याची खात्री मला कोण देणार? तोच हार्मोन कंपनीच्या ट्यूबमध्ये मोजून मिळतो, आपल्याकडेही मिळतो."

आण्णांना ते पटलं. सुटं खत आणि शिक्का मारलेलं पोतं यातला फरक त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

मग चालेल का, हा खरा प्रश्न. त्यासाठी मी अक्कांना दोन वेळा बोलावलं. स्तनाचा कॅन्सर झालेला नसावा, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली नसावी, लिव्हर ठीक असावं, कारण न कळलेला रक्तस्राव नसावा. हृदयाचं, अर्धांगाचं काही नसावं. परदेशातून त्या काळात हार्मोनबद्दल घाबरवणाऱ्या बातम्या येत होत्या आणि बरेच डॉक्टर सरसकट बंद करत होते. मी सरसकट द्यायच्याही विरुद्ध होते आणि सरसकट थांबवायच्याही. मॅमोग्राफी केली, रक्त तपासलं, बीपी पाहिलं, घरातल्या आजारांची चौकशी केली. सगळं स्वच्छ. कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, असं ठरलं. इथवर मी पुस्तकाबरहुकूम वागले.

औषधं दोन होती. एक जेल, रोज दंडावर लावायचं. ते एस्ट्रोजेन. दुसरी कॅप्सूल, महिन्यातले पहिले बारा दिवस झोपताना. ती प्रोजेस्टेरॉन. जिची पिशवी शाबूत आहे तिला नुसतं एस्ट्रोजेन द्यायचं नसतं. एस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालतं. एक घेतलं आणि दुसरं सोडलं तर अस्तर माजतं आणि पुढं कॅन्सरकडे जाऊ शकतं.

"म्हंजे जेल खत झालं आन् कॅप्सूल भांगलण," आण्णा म्हणाले. भांगलण म्हणजे पिकातलं तण काढणं. "खत घालून भांगलण केली न्हाई तर रान माजतंय."

"अगदी बरोबर," मी म्हटलं आणि मनात म्हटलं, हा माणूस माझ्याऐवजी लेक्चर देऊ शकेल.

इथं मी थांबायला हवं होतं. पण अक्कांनी विचारलं, "कशापासनं करत्यात ह्ये?"

प्रश्न रास्त होता. घोडीच्या गोळीनं पोळलेली बाई. आणि त्याच आठवड्यात औषध कंपनीचा एमआर मला एक गुळगुळीत माहितीपत्रक देऊन गेला होता. एमआर म्हणजे डॉक्टरांना भेटून आपल्या कंपनीची औषधं समजावणारा प्रतिनिधी. माहितीपत्रक टेबलावरच होतं. मी ते उघडून अक्कांपुढे धरलं. त्यावर एका वेलीचं आणि तिच्या मुळाशी असलेल्या लांबट कंदाचं रंगीत चित्र होतं.

"जेल सोयाबीनपासून," मी म्हटलं. "आणि कॅप्सूल या रानकंदापासून. घोडी नाही, गाय नाही, जीव नाही. निव्वळ शाकाहारी. तुमच्यासाठीच बनवल्यासारखं आहे!"

मी खुशीत होते. एका धर्मभीरू बाईला तिच्या धर्मात बसणारं औषध शोधून दिलं, असं मला वाटत होतं. अक्कांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "बरं," म्हणाल्या.

तो 'बरं' माझ्या कानावर पडला, डोक्यात शिरला नाही. मी कोल्हापुरात जन्मले, कोल्हापुरात वाढले. माझ्या शाळेच्या बाकावर शेजारी बसणारी मुलगी डब्यातली बटाट्याची भाजी कधी घेत नसे. जैन घरात कंदमूळ काय असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण त्या दिवशी मी डॉक्टर होते आणि डॉक्टरला शाकाहार म्हटलं की फक्त प्राणी दिसतात.

तीन महिन्यांनी अक्का आल्या त्या टवटवीत होऊन. घाम गेला, झोप आली. चातुर्मास सुरू व्हायच्या आत त्यांनी घरी ग्रंथ काढून मनातल्या मनात सराव सुरू केला होता. सहा महिन्यांनी आल्या तेव्हा बस्तीत वाचन चालू झालं होतं. आण्णांनी जयसिंगपूरहून पेढे आणले होते.

"औषधं चालू आहेत ना?" मी विचारलं.

"व्हय की."

"कॅप्सूल संपल्यावर पाळीसारखं काही येतं?"

"काय न्हाई."

"छान," मी म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

इथं सामान्य वाचकासाठी थोडं थांबून सांगते. महिन्यातले बारा दिवस कॅप्सूल घेऊन थांबलं की बहुतेक बायकांना थोडाफार स्राव येतो. अस्तर झडल्याची ती खूण असते. काहींना येत नाही, हेही खरं. पण सहा महिन्यांत एकदाही आला नाही म्हटल्यावर डॉक्टरच्या मनात पाल चुकचुकायला हवी. त्याच दिवशी सोनोग्राफी करायला हवी होती. बाहेर बाकावर आठ बायका बसल्या होत्या आणि माझ्या हातात पेढा होता. मी 'छान' म्हटलं.

तर आता दिवाळीनंतर आकडा चौदा होता.

"उद्या सकाळी उपाशीपोटी या," मी पडद्याबाहेर येऊन दोघांना म्हटलं. "क्युरेटिंग करू. पिशवीच्या आतलं अस्तर खरवडून तपासायला पाठवायचं. आणि घरात जी काही औषधं आहेत ती सगळी घेऊन या."

"वाईट काय हाय का?" आण्णांनी विचारलं.

"रिपोर्ट येईपर्यंत मला माहीत नाही."

हे वाक्य डॉक्टर शंभर वेळा बोलतो. बोलताना आवाज सपाट ठेवायची सवय होते. त्या दिवशी माझा आवाज सपाट राहिला नाही आणि अक्कांनी ते ओळखलं. उठताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणजे धीर त्या मला देत होत्या.

दुसऱ्या दिवशी क्युरेटिंग झालं. नमुना बाटलीत घालून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवला. दुपारी अक्का पूर्ण शुद्धीवर आल्या, चहा घेतला, मग मी त्यांच्या खोलीत गेले. आण्णा खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. मी औषधं मागितली. अक्कांनी कापडी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला.

डबा जड होता. मी झाकण उघडलं. वर जेलची अर्धी संपलेली ट्यूब. खाली कॅप्सूलच्या पट्ट्या, रबर लावून, महिन्याप्रमाणे जुड्या करून ठेवलेल्या. दहाची एक अख्खी पट्टी आणि केमिस्टनं कात्रीनं कापून दिलेला दोनचा एक तुकडा. अशा नऊ जुड्या. एकही कॅप्सूल फोडलेली नव्हती.

मी मोजल्या. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मोजल्या. एकशे आठ.

"माळ झाली की गं," आण्णा हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी म्हैन्याच्या म्हैन्याला आणून देत हुतो! जयसिंगपुरात मिळंनात म्हणून सांगलीला जाऊन आणल्यात!"

"म्हणूनच जपून ठेवल्यात," अक्का म्हणाल्या.

"अक्का, का घेतल्या नाहीत?"

"कंदाच्या हैत न्हवं. तुमीच दाखवलासा, चित्र."

मी खाटेच्या कडेला बसले.

"कंद सोडून तेवीस वर्षं झाली, डॉक्टरीणबाई. मुनीमहाराजांच्या म्होरं आजन्म नियम घेतलाय. कांदा न्हाई, बटाटा न्हाई, सुरण न्हाई. एक कंद उपटला की त्यात अनंत जीव जात्यात. मीच शास्त्रातनं वाचून सांगतो बायकास्नी. आन् घरला जाऊन मीच गिळू?"

"मग तेव्हाच का नाही बोललात? मी दुसरं काहीतरी दिलं असतं!"

"तुमी एवढ्या हौसंनं सांगत हुतासा. तुमच्यासाठीच बनवलंय म्हणालासा. तुमचं मन कसं मोडायचं? आन् मला वाटलं, जेल तर सोयाबीनचं हाय, त्ये लावू. गुण बी आलता की."

आण्णांनी कपाळावर हात मारला. "खत घातलीस आन् भांगलण सोडलीस. रोज दुकानात बसून मी लोकास्नी हेच सांगतोय, आन् माझ्या घरात..."

माझं खरं सांगते. पहिल्यांदा मला राग आला. नऊ महिने ही बाई मला 'व्हय की' म्हणत होती. मी विचारलं, "मी प्रत्येक वेळी औषध चालू आहे का विचारत होते, अक्का. तुम्ही हो म्हणालात."

"जेल चालू हुतं," त्या म्हणाल्या. मग स्वतःच मान हलवली. "न्हाई. खोटंच त्ये. काल टेबलावर पडलेलो तवा त्येच डोस्क्यात आलं. कंद सोडला आन् खोटं धरलं."

माझा राग तिथंच विरला. ती बाई कॅन्सरला भ्यायली नव्हती. आपण खोटं बोललो याचं तिला वाईट वाटत होतं. आणि मला आठवलं, 'कॅप्सूल रोज गिळता का, दाखवा बघू पट्टी,' असं मी एकदाही विचारलं नव्हतं. ज्या प्रश्नाचं उत्तर 'व्हय की' एवढंच असू शकतं, तोच प्रश्न विचारला होता.

"अक्का, चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुमचा नियम मला माहीत असायला हवा होता."

"तुमी इच्यारला न्हाईसा," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. झालं तसं सांगत होत्या.

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत मी एक काम केलं, जे नऊ महिन्यांपूर्वी करायला हवं होतं. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. एमआरला आधी विचारलं होतं, तो बिचारा माहितीपत्रकातलंच परत वाचायला लागला. ऑफिसातल्या एका बाईंनी तीन दिवसांची मुदत मागितली आणि चौथ्या दिवशी खरंच फोन केला.

"मॅडम, कच्चा माल उपलब्ध असेल तसा येतो," त्या म्हणाल्या. "कधी काळी कंदापासून बनायचा. आमचा सध्याचा माल सोयाबीनचा आहे."

"मग कंदाचं चित्र?"

"ते जाहिरात विभागाचं असतं, मॅडम."

"आणि कॅप्सूलचं कवच?"

"सॉफ्ट जिलेटिन."

जिलेटिन म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासून काढलेला चिकट पदार्थ. मी फोन ठेवला. मी छातीठोकपणे दोन गोष्टी सांगितल्या होत्या. कंद आहे म्हणाले, तो नव्हता. जीव नाही म्हणाले, तो होता. आणि यातल्या पहिल्या थापेपायी एका बाईची पिशवी, कदाचित जीवही, पणाला लागला होता.

आठव्या दिवशी पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. तो माझा वर्गमित्र. उगाच पाल्हाळ लावत नाही.

"हायपरप्लेशिया आहे. साधा. एटिपिया नाही."

म्हणजे पेशी नको तितक्या वाढल्यात, पण बिघडलेल्या नाहीत. कॅन्सर नाही. या टप्प्यावर औषधानं वळवता येतं, पिशवी काढावी लागत नाही. मी "थँक यू" म्हटलं आणि मला रडू आलं. दवाखान्यात मी सहसा रडत नाही. त्या दिवशी दार लावून घेतलं.

संध्याकाळी दोघं आले. रिपोर्ट सांगितल्यावर आण्णांनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. मग मी कंपनीचं सांगायला घेतलं. जिलेटिनचं गाळता आलं असतं. अक्कांनी एकही कॅप्सूल घेतली नव्हती आणि यापुढं ती कॅप्सूल मी देणारही नव्हते. कुणाला कळलं नसतं. पण खोलीत खोटं आधीच पुरेसं झालं होतं.

"म्हंजे कंद न्हवता?" अक्कांनी विचारलं.

"बहुतेक नव्हता."

"आन् हाडं हुती?"

"कवचात होती."

अक्का म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, राग धरू नगासा. आमी बायकास्नी वाचून दाखवतो. पर वाचायच्या आधी घरात बसून एकदा मनात वाचून बघतो. काय कळलं न्हाई तर जाणत्याला इच्यारतो. मगच तोंड उघडतो."

मला आजवर परीक्षकांनी, सीनियरांनी, पेशंटच्या नातेवाइकांनी बरंच सुनावलं आहे. यापेक्षा वर्मी लागलेलं आठवत नाही.

आता औषध द्यायचं होतं. जेल त्याच दिवसापासून बंद. अस्तर उतरवायला प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारी एक साधी गोळी, तीन महिने, आणि मग पुन्हा क्युरेटिंग. ही गोळी बायोआयडेंटिकल नाही, ती थोड्या वेगळ्या खाचेची किल्ली आहे. पण या कामाला भरवशाची. तिच्यात काय काय आहे ते मी या वेळी आधीच विचारून ठेवलं होतं आणि एका कागदावर लिहिलं होतं. कवच नाही. स्टार्च मक्याचा, बटाट्याचा नाही. एका घटकाचं मूळ काय ते कंपनीलाही सांगता आलं नव्हतं. कागदावर त्यापुढं मी 'माहीत नाही' असं लिहिलं होतं.

अक्कांनी कागद वाचला, घडी करून पिशवीत ठेवला. "उद्या सांगतो," म्हणाल्या.

"अगं, उद्या कशाला? डॉक्टर सांगत्यात न्हवं?" आण्णा ओरडलेच.

"नियम माझा हाय. इच्यार मलाच कराय पायजे."

मी आण्णांना थांबवलं. एका दिवसानं काही बिघडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्का एकट्याच एसटीनं आल्या. "बस्तीत माताजींस्नी इच्यारलं," अक्का म्हणाल्या. माताजी म्हणजे जैन साध्वी. "त्या म्हणाल्या, जाणूनबुजून सोडायचं त्ये सोड, जे कळत न्हाई त्येचं प्रायश्चित्त घे, पर औषध सोडून देह टाकू नको. गोळी घेतो. दर चतुर्दशीला उपास करतो. मेलो तर वाचायचं कुणी?"

रोज रात्री एक गोळी. या वेळी दर पंधरा दिवसांनी रिकामी पट्टी त्या स्वतःहून माझ्या टेबलावर ठेवत. मी मागायच्या आधी. तीन महिन्यांनी क्युरेटिंग केलं, अस्तर स्वच्छ आलं. सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली, चार मिलिमीटर. तो आकडा मी पडद्यापलीकडे आण्णांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितला.

पण जेल बंद झाल्यावर घाम परत आला. पूर्वीइतका नाही, तरी आला. मी पर्याय मांडले. जेल पुन्हा सुरू करता येईल, आवर घालायला कॅप्सूलऐवजी ही गोळी ठेवू, दर सहा महिन्यांनी तपासू. त्यांना चालण्यासारखं होतं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि नको म्हणाल्या. या वेळी तोंडावर म्हणाल्या. मला ते फार बरं वाटलं.

त्या चातुर्मासात एका संध्याकाळी मी जयसिंगपूरला गेले. अक्कांनी बोलावलं होतं. बस्तीत बायका सतरंजीवर बसल्या होत्या, मी मागं भिंतीला टेकून बसले. अक्का वाचत होत्या. खणखणीत आवाज, एकेक शब्द सुटा. मध्येच त्या थांबल्या. कपाळ घामानं डवरलं होतं. त्यांनी चष्मा काढला, शेजारचा ओला नॅपकिन उचलला, सावकाश चेहरा पुसला, मानही पुसली. कुणी उठलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. सगळ्या वाट बघत राहिल्या. मग अक्कांनी चष्मा लावला, बोटानं ओळ शोधली आणि जिथं थांबल्या होत्या तिथून पुढं वाचायला लागल्या. माझ्या औषधानं मी जे द्यायला निघाले होते ते त्या बायकांनी नुसतं बसून दिलं होतं.

त्यानंतर मी दवाखान्याचा केसपेपर बदलला. नाव, वय, बाळंतपणं, आधीचे आजार, याखाली एक नवी ओळ छापून घेतली. 'काय वर्ज्य आहे?' पुढं चार बोटं जागा सोडली. छापखान्यातल्या माणसानं विचारलं, हे डॉक्टरांचं आहे की जेवणावळीचं? मी म्हटलं, छापा तसंच.

पहिला कागद अक्कांच्याच नावाचा झाला. पहिल्या क्युरेटिंगला वर्ष होत आलं होतं, म्हणून त्या तपासणीला आल्या होत्या. मी पेन उघडून विचारलं, "सांगा. काय काय वर्ज्य?"

"कांदा, लसूण, बटाटा, रताळं, सुरण, गाजर, मुळा," त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. "मध. सूर्य बुडाल्यावर अन्न." मी वर पाहिलं. तेही मला ठाऊक होतं, पण सुचलं नव्हतं. रात्रीची गोळी त्यांनी तीन महिने कशी घेतली होती, हे मी तेव्हाही विचारलं नव्हतं.

"दिवस बुडायच्या आत घेत हुतो," त्या म्हणाल्या. "त्येनं काय व्हतं का?"

"काही होत नाही," मी म्हटलं. खरंच होत नाही. पण माझा हात थांबला होता.

"आन् शेवटी लिवा," अक्का म्हणाल्या, "डॉक्टरांच्या म्होरं नुसतं व्हय म्हणणं. त्ये बी आता वर्ज्य."

मी लिहिलं. खाली अजून एका ओळीची जागा उरली होती. तिथं मी माझं लिहिलं, 'आधी न विचारता समजावून सांगणं', आणि पुढं माझी सही केली.